बेळगावात पहिलं घर घेताना खरेदीपत्राचा खर्च कुठे वाचतो, कुठे वाचत नाही

कोल्हापूरचे पाहुणे हमखास सांगतात, "घर बायकोच्या नावावर घे, एक टक्का वाचतो." ते चुकीचं सांगत नाहीत. महाराष्ट्रात निवासी घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, आणि तिथली नोंदणी फी ३० हजारांवर जात नाही. बाची ओलांडून शिनोळीत घर घेतलंत, किंवा निपाणीकडून कोगनोळीच्या पुढे कागलला, तर हे दोन्ही फायदे तुम्हालाही मिळतील. कारण शुल्क मालमत्ता जिथे आहे तिथल्या कायद्याने लागतं, घेणारा कुठे राहतो याने नाही.

पण अनगोळ, हिंडलगा, खानापूर, निपाणी, चिकोडी हे सगळं कर्नाटक मुद्रांक कायदा, १९५७ खाली येतं. इथे महिलेला वेगळा दर नाही आणि नोंदणी फीला कमाल मर्यादाही नाही. "माझं हे पहिलंच घर" असं सांगून मिळणारी सूटही नाही. कर्नाटकाची सवलत वेगळ्याच गोष्टीला आहे आणि ती नीट कळली नाही तर लाखभर रुपये सहज जातात. यातलं बहुतेक सगळं संचकार (इसार) द्यायच्या आधी ठरतं. सब-रजिस्ट्रारच्या टेबलासमोर बसल्यावर वाचवण्यासारखं जवळपास काही उरत नाही.

आधी हिशेब

खरेदीपत्राला सरकारी खर्च चार तुकड्यांत लागतो.

मुद्रांक शुल्क: साधारण दर ५ टक्के.
सेस: मुद्रांक शुल्काच्या १० टक्के. मालमत्तेच्या किमतीवर नाही, शुल्कावर.
सरचार्ज: मुद्रांक शुल्काच्या २ टक्के महापालिका-नगरपालिका हद्दीत, ३ टक्के ग्रामीण भागात.
नोंदणी फी: किमतीच्या २ टक्के. ३१ ऑगस्ट २०२५ पूर्वी ही १ टक्का होती. जुना हिशेब सांगणारे अजून १ टक्काच धरतात आणि ऐन वेळी पैसे कमी पडतात.

म्हणजे टिळकवाडीत ५.६ अधिक २, एकूण ७.६ टक्के. ग्रामपंचायत हद्दीत ५.६५ अधिक २, एकूण ७.६५ टक्के. शहराबाहेर घेतलं की शुल्क कमी लागतं हा समज उलटा आहे. तिथे सरचार्ज शुल्काच्या एक टक्का जास्तच आहे. स्वस्त असते ती जागा.

१८ लाखांचा ग्रामपंचायत हद्दीतला प्लॉट घ्या. शुल्क ९०,०००, सेस ९,०००, सरचार्ज २,७००, नोंदणी ३६,०००. एकूण १,३७,७०० रुपये. बँक यासाठी सहसा कर्ज देत नाही, हे पैसे हातात लागतात. संचकाराची रक्कम ठरवताना ही रक्कम वेगळी काढून ठेवा.

"पहिलं" कुणाचं? तुमचं नाही, फ्लॅटचं

कर्नाटकात २०२० आणि २०२१ मध्ये मुद्रांक शुल्क कमी झालं ते नव्या फ्लॅटच्या पहिल्या विक्रीसाठी. किंमत २० लाखांपर्यंत असेल तर २ टक्के, २० लाखांच्या वर ४५ लाखांपर्यंत ३ टक्के. त्यापुढे नेहमीचे ५ टक्के. सेस, सरचार्ज आणि नोंदणी फी यांत सूट नाही. मात्र सेस आणि सरचार्ज शुल्कावरच मोजतात, त्यामुळे तेही आपोआप कमी होतात.

बिल्डरकडून घेतलेला ४० लाखांचा नवा फ्लॅट, महापालिका हद्दीत: शुल्क १,२०,०००, सेस १२,०००, सरचार्ज २,४००, नोंदणी ८०,०००. एकूण २,१४,४००.

त्याच इमारतीतला, त्याच मापाचा, पण कुणीतरी आधी खरेदी करून आता विकायला काढलेला ४० लाखांचा फ्लॅट: शुल्क २,००,०००, सेस २०,०००, सरचार्ज ४,०००, नोंदणी ८०,०००. एकूण ३,०४,०००.

फरक ८९,६०० रुपयांचा. म्हणून रीसेलचा फ्लॅट "नव्यापेक्षा पन्नास हजारांनी स्वस्त" असेल तर तो प्रत्यक्षात महाग आहे. भाव करताना हा फरक मालकापुढे कागदावर मांडा. बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो, आणि भाव खाली येतो.

इथे तीन ठिकाणी गफलत होते.

एक, गुंतवणूकदाराचा फ्लॅट. बिल्डर सांगतो, "फ्लॅट नवाच आहे, कुणी राहिलेलं नाही." रंगाचा वास अजून येत असेल, तरी गुंतवणूकदाराच्या नावे खरेदीपत्र झालेलं असेल तर तुमची खरेदी दुसरी विक्री ठरते आणि ५ टक्के लागतात. त्या फ्लॅटची ईसी, म्हणजे त्यावर नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला, काढून बघा. बिल्डरकडून कुणाला खरेदीपत्र झाल्याची नोंद दिसली की सवलत गेली असं समजा.

दोन, सवलत फ्लॅटला आहे. रिकाम्या प्लॉटला, स्वतंत्र बंगल्याला, शहापूर-वडगावच्या जुन्या वाड्याला नाही, मग किंमत १५ लाख का असेना.

तीन, किंमत म्हणजे तुम्ही ठरवलेली रक्कम किंवा सरकारचा मार्गदर्शक दर, यांपैकी जी मोठी ती. सौदा ४४ लाखांत झाला आणि मार्गदर्शक दराने ४६ लाख येत असतील तर तुम्ही ४५ च्या वर गेलात.

४५ लाखांची पायरी

हे दर आयकरासारखे टप्प्याटप्प्याने लागत नाहीत. ४५ लाखांपर्यंतच्या भागावर ३ आणि वरच्या भागावर ५ असं नाही. रेषा ओलांडली की सगळ्याच रकमेवर ५ टक्के.

४५ लाखांच्या नव्या फ्लॅटला शुल्क, सेस आणि सरचार्ज मिळून १,५१,२०० रुपये. ४६ लाखांच्या फ्लॅटला २,५७,६००. नोंदणी फीतले आणखी दोन हजार धरले तर एक लाखाच्या वाढीव किमतीवर १,०८,४०० रुपये जास्तीचे जातात. ती एक लाखाची वस्तू तुम्हाला दोन लाख आठ हजारांना पडते.

बांधकाम चालू असेल तर जीएसटीही याच रेषेवर उडी मारतो. परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के. परवडणारं ठरायला दोन अटी एकदम पाळाव्या लागतात. एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट एरिया ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट. बेंगळुरूत ही मर्यादा ६० चौरस मीटर आहे. बेळगाव महानगरांच्या यादीत नसल्याने इथे ९० चालतं, आणि हा फायदा इथल्या माणसाने घ्यायलाच हवा. ऐसपैस टू बीएचके यात आरामात बसतो.

४५ लाखांवर जीएसटी ४५,०००. ४६ लाखांवर २,३०,०००. म्हणजे चालू बांधकामातला फ्लॅट ४५ वरून ४६ वर गेला की जीएसटी आणि नोंदणीखर्च मिळून २,९३,४०० रुपये वाढतात.

आता बिल्डरचा दरपत्रक कागद हातात घ्या. वर मोठ्या अक्षरात ४३,८०,००० लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात कव्हर्ड पार्किंग १,५०,०००, वीज-पाणी जोडणी, जनरेटर, वरच्या मजल्याचा जादा दर. जीएसटीची ४५ लाखांची मर्यादा फ्लॅटच्या मूळ भावावर बघत नाहीत. फ्लॅटसोबत बिल्डर जे घेतो ते धरून एकूण रक्कम बघतात. त्यामुळे बेरीज तळापर्यंत करा. ४५ च्या थोडं वर जात असेल तर तेव्हाच बोला: पार्किंग साधं घेऊ, मजला खालचा घेऊ, आतलं लाकूडकाम बिल्डरऐवजी नंतर आपण सुताराकडून करून घेऊ. किंमत खरोखर कमी करायची आहे. कागदावर ४५ आणि वरचे पाकिटात हा मार्ग नाही, त्याबद्दल पुढे येतंच.

पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाहीच. पण अट कडक आहे. सगळीच्या सगळी रक्कम दाखल्यानंतर दिलेली पाहिजे. दाखल्याच्या आठवडाभर आधी ५१ हजारांचं बुकिंग केलं की सूट हातची जाते. दाखला जवळ आलाय असं बिल्डर म्हणत असेल तर दाखल्याची प्रत मागा आणि ती बघूनच पहिला चेक लिहा. "अर्ज दिलाय" म्हणजे दाखला नव्हे.

मार्गदर्शक दर स्वतः वाचा

महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्याचा इथला भाऊ म्हणजे गायडन्स व्हॅल्यू. राज्यभरातले दर १ ऑक्टोबर २०२३ पासून नव्याने लागू झाले. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर जिल्हा, तालुका, होबळी (महसुली मंडळ), गाव निवडून ते बघता येतात. तक्ता बहुतेक कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर वाचणारा शेजारी बसवा, पण फक्त एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

तक्त्यात आधी गल्ली किंवा लेआउटचं नाव शोधा. नाव सापडलं नाही तर त्या भागाचा सर्वसाधारण दर लागतो आणि तो कधी जास्त असतो. तुमचं लेआउट नावानिशी यादीत आहे हे तुम्हीच दाखवून द्यायचं असतं.

मग एकक बघा. प्लॉटचे दर चौरस मीटरला असतात. ३० बाय ४० चा प्लॉट १,२०० चौरस फूट म्हणजे १११.४८ चौरस मीटर. एक गुंठा १,०८९ चौरस फूट म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. फूट-मीटरची गल्लत झाली की आकडा दहापट चुकतो. तो लगेच लक्षात येतो. गुंठा म्हणजे १,००० फूट असं धरलं तर मात्र नऊ टक्क्यांची चूक होते आणि ती शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी तक्त्यासोबतच्या विशेष सूचना वाचा. कोपऱ्याचा प्लॉट, मोठ्या रस्त्याला लागून असलेली जागा, व्यापारी वापर यांना जादा दर असतो. जुन्या बांधकामाला वयानुसार घसारा वजा होतो. रीसेलचं घर घेणाऱ्यांनी हा घसारा मागून घ्यायचा. घर १९९० चं असून पोर्टलवर वय भरताना रकाना तसाच राहिला तर नव्या बांधकामाचा दर लागतो. वयाचा पुरावा म्हणून बांधकाम परवाना, जुनी घरपट्टीची पावती किंवा वीज जोडणीची तारीख जवळ ठेवा.

सौदा मार्गदर्शक दराच्या खाली होऊ शकतो. आडजागी असलेलं घर, भाऊबंदकीत अडकून घाईने विकायला काढलेली जागा. तेव्हाही शुल्क वरच्याच आकड्यावर भरणं सोपं पडतं. दर पटत नसेल तर किंमत ठरवण्यासाठी प्रकरण कलम ४५-अ खाली जिल्हा निबंधकांकडे पाठवता येतं. त्यात वेळ जातो आणि तोवर कागद अडकून राहतो. फरक काही हजारांचा असेल तर त्या फंदात पडू नये.

आयकराचं कलम मात्र विसरू नका. मार्गदर्शक मूल्य तुमच्या खरेदी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, आणि फरक ५० हजारांच्या वर असेल, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो. मार्गदर्शक मूल्य ३० लाख आणि खरेदीपत्र २६ लाखांचं. फरक ४ लाख, मर्यादा २ लाख ६० हजार. पुरे ४ लाख तुमच्या उत्पन्नात जमा. शुल्क तर ३० वरच भरलेलं असतं.

प्लॉट घ्या, घर बांधा

या भागात सगळ्यांत मोठी कायदेशीर बचत इथे आहे. शुल्क लागतं ते हस्तांतर होणाऱ्या मालमत्तेवर. तयार बंगला घेतला की जमीन आणि बांधकाम दोन्हींवर. प्लॉट घेऊन त्यावर स्वतः बांधलं तर फक्त प्लॉटवर.

तयार घर ५० लाखांना, शहरात: ७.६ टक्क्यांनी ३,८०,०००. तोच २० लाखांचा प्लॉट घेऊन ३० लाखांत बांधलं तर खरेदीपत्राला १,५२,०००. वाचले २,२८,०००.

बांधकामावर जीएसटी लागतो, पण कसा ते तुमच्या हातात आहे. साहित्यासह सगळं काम जीएसटी नोंदणी असलेल्या कंत्राटदाराला दिलं तर त्याच्या बिलावर १८ टक्के. साहित्य स्वतः आणलंत आणि गवंड्याला फक्त मजुरीचं काम दिलंत तर स्वतःच्या एकट्या घराच्या निव्वळ मजुरीवर जीएसटी नाही. सिमेंटवरचा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. अर्थात साहित्य स्वतः आणणं म्हणजे वाळू, खडी, लोखंड, पाणी यांच्यामागे रोज धावणं. नोकरी करणाऱ्याच्या घरात हे बघणारं कुणी नसेल तर कर वाचतो आणि चोरीत जातो.

प्लॉट वडिलांचाच असेल तर तो मुलाने "विकत" घेऊ नये. नवरा-बायको, मुलगा, मुलगी, सून, भाऊ, बहीण यांना बक्षीसपत्र केलं तर कर्नाटकात टक्केवारी लागत नाही, ठरावीक काही हजारांचं शुल्क लागतं. वाटणीपत्रालाही हिश्शागणिक ठरावीक रक्कम असते. २० लाखांच्या प्लॉटवर हा फरक लाखाच्या वरचा आहे. फक्त बक्षीस दिलेली मालमत्ता मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. आई-वडिलांच्या राहण्याचा हक्क त्या कागदात लिहून ठेवणं शहाणपणाचं.

संचकारातलं एक वाक्य

संचकारपत्र घाईत होतं. दस्तलेखकाच्या संगणकात जुना नमुना असतो, त्यात नावं आणि चतुःसीमा बदलतात. त्या नमुन्यात कुठेतरी हे वाक्य दडलेलं असतं: "आज रोजी सदर मिळकतीचा ताबा लिहून घेणाऱ्यास दिला आहे."

ताबा दिल्याचं लिहिलं की कर्नाटकात त्या कराराला खरेदीपत्राइतकंच शुल्क लागतं. पाचशे-हजाराच्या बॉण्डवर केलेला तो कागद कमी मुद्रांकाचा ठरतो. पुढे वाद झाला आणि कोर्टात दाखवायची वेळ आली की कागद जप्त होतो आणि तुटीच्या दहापटीपर्यंत दंड लागू शकतो. ताबा खरंच मिळाला नसेल तर "ताबा खरेदीपत्राच्या दिवशी देण्यात येईल" असं स्वच्छ लिहा. ताबा आधी हवाच असेल तर पूर्ण शुल्क भरा. ते वाया जात नाही, खरेदीपत्राच्या वेळी वजा होतं.

गावाकडच्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटांचे व्यवहार कधी नुसत्या बॉण्डवर, नोटरीच्या शिक्क्यावर होतात. सात टक्के वाचतात, पण मालकी येत नाही. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, शिक्का कितीही गोल असो.

नोंदणी ज्यामुळे अडते

ऑक्टोबर २०२४ पासून शहरी मालमत्तेच्या नोंदणीला ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, लागतो. ग्रामपंचायतीत ई-स्वत्तू या ऑनलाइन प्रणालीतला नमुना ९ आणि ११-अ. ११-ब हा बिगरमंजूर मालमत्तेचा उतारा. तो हातात देऊन "सगळे कागद आहेत" असं सांगितलं जातं आणि पुढे बँक कर्ज नाकारते. सर्व्हे नंबरचा तुकडा घेत असाल तर मोजणी खात्याचा ११-ई नकाशा हवा. कॅन्टोन्मेंट हद्दीतल्या जागांचं मालकीचं गणित वेगळं आहे. तिथे वकिलाला दाखवल्याशिवाय संचकारही देऊ नका.

बेळगावात आणखी एक अडचण येते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. जुने दस्त मराठीत, त्याआधीचे मोडीत. ई-खाता कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. एकच माणूस तीन कागदांवर तीन नावांनी दिसतो: एकात आडनाव, एकात गावाचं नाव, एकात वडिलांचं नाव गळलेलं. नोंदणीच्या दिवशी हे निघालं की ठरलेली वेळ जाते. विकणाऱ्याचं आधार, पॅन आणि ई-खाता शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर आधी जुळवा. दुरुस्ती करायची ती विकणाऱ्याने, त्याच्या खर्चाने, आणि तसं संचकारात लिहून घ्या.

कावेरीवरचा क्रम

१. ईसी काढा. १३ वर्षांची पुरते असं म्हणतात, बँका ३० वर्षांची मागतात. तीसच काढा.

२. खरेदीपत्राचा मसुदा तयार करा. किंमत, बांधकामाचं क्षेत्र, वय, पार्किंग हे सगळं त्यात खरं आणि पूर्ण असावं. मसुदा कन्नड किंवा इंग्रजीत केला जातो. मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

३. कावेरी २.० वर अर्ज भरा आणि मसुदा अपलोड करा. "फ्लॅटची पहिली विक्री" लागू असेल तर दस्ताचा तोच प्रकार निवडला गेलाय ना, बघा. इथे साधं खरेदीपत्र निवडलं तर पोर्टल मुकाट्याने ५ टक्के लावतं.

४. सब-रजिस्ट्रार मसुदा तपासतात, त्रुटी असेल तर परत पाठवतात. पोर्टल शुल्काचा आकडा दाखवतं. तो तुमच्या कागदावरच्या बेरजेशी पडताळा. दोन्हींत फरक असेल तर पैसे भरायच्या आधी विचारा. जास्त भरलेलं परत मिळवणं हे वेगळं काम होऊन बसतं.

५. ऑनलाइन पैसे भरा, चलन जपून ठेवा, वेळ घ्या. जिल्ह्यातल्या कुठल्याही सब-रजिस्ट्रार कार्यालयात नोंदणी होते. शहरात तारीख मिळत नसेल तर खानापूर किंवा दुसऱ्या तालुक्याची बघा.

६. त्या दिवशी दोन साक्षीदार, मूळ ओळखपत्रं आणि अंगठ्यांचे ठसे. वयस्कर विकणाऱ्यांचे ठसे उमटत नाहीत. बोटं घासून झिजलेली असतात. सकाळची वेळ घ्या.

सही केल्यापासून चार महिन्यांत कागद नोंदणीला हजर झाला पाहिजे. नंतरही आणखी चार महिने घेतात, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंडासह.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा. महिना संपल्यापासून ३० दिवसांत. हा पैसा तुमचा नव्हे, विकणाऱ्याचा, पण विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्या माथी. विकणारा आखातात किंवा परदेशात राहत असेल तर एक टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच मोठी असते. अशा वेळी आधी सीए, मग संचकार.

पांढरे-काळे

"कागदावर तीस दाखवू, दहा रोख." शुल्क वाचतं ७६ हजार. त्याबदल्यात रोखीतला २० हजार किंवा त्याहून मोठा संचकार किंवा हप्ता आयकर कायद्याला चालत नाही, आणि त्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. कर्ज ३० लाखांच्या हिशेबाने मिळतं, १० लाख रोख उभे करायला लागतात. पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत ३० धरून नफा मोजतात, म्हणजे आज विकणाऱ्याने चुकवलेला कर उद्या तुम्ही भरता. सौदा मोडला तर रोख दहा लाखांचा पुरावा नसतो.

प्रामाणिक मार्ग एकच छोटा आहे. भरलेलं घर रीसेलमध्ये घेत असाल तर फ्रीज, पलंग, सोफा, कपाट अशा उचलून नेता येणाऱ्या वस्तूंची वेगळी यादी आणि वेगळी रक्कम करता येते. मुद्रांक शुल्क स्थावरावर लागतं. वस्तूंचा भाव खरा असावा, पैसे बँकेतून जावेत. घराची उरलेली किंमत मार्गदर्शक दराच्या खाली गेली तर त्याचा काही उपयोग नाही.

भरलेल्यातलं परत मिळवणं

घरासाठी भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी आयकराच्या ८०सी वजावटीत बसते, पण फक्त जुन्या करप्रणालीत, फक्त ज्या वर्षी भरली त्या वर्षी, आणि दीड लाखाच्या मर्यादेत. पीएफ आणि एलआयसीने ती मर्यादा आधीच भरत असेल तर हाताला काही लागत नाही. पगारदार माणूस दरवर्षी प्रणाली निवडू शकतो, त्यामुळे खरेदीच्या त्या एका वर्षापुरता दोन्हींचा हिशेब करून बघा. नुसत्या प्लॉटच्या शुल्काला ही वजावट नाही.

नवरा-बायको दोघं कमावते असतील तर खरेदीपत्र दोघांच्या नावे करा आणि शुल्क दोघांच्या खात्यांतून आपापल्या वाट्याने भरा. दोघांना दीड-दीड लाखाची मर्यादा मिळते. एकाच्याच खात्यातून गेलं तर दुसऱ्याला मागता येत नाही. शुल्क मार्चअखेर भरावं की एप्रिलमध्ये, हे कुठल्या वर्षात ८०सी रिकामं आहे ते बघून ठरवा. पाच वर्षांच्या आत घर विकलं तर ही वजावट परत उत्पन्नात मिसळली जाते.

"पहिलं घर" या शब्दाला खरी किंमत आहे ती पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये. देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या, वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरावर आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, पहिल्या ८ लाखांच्या व्याजात ४ टक्के अनुदान आहे. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. नोंदणीचा जवळपास सगळा खर्च त्यातून निघू शकतो. वडिलोपार्जित घरात तुमचं नाव हिस्सेदार म्हणून लागलेलं असेल तर अर्ज करण्यापूर्वी बँकेला ते सांगा. अर्ज कर्ज घेतानाच करा.